पहिले रीळ आधी झिजते

मित्रांनो, माझा आवाज खरखरीत वाटला तर सांभाळून घ्या. मी सिनेमा दाखवणारा जुना प्रोजेक्टर आहे आणि फार वर्षे चाललो आहे.

माझा जन्म परदेशातला. बोटीने आलो आणि पुण्याच्या एका थिएटरात अठरा वर्षे राबलो. तिथे रोज सकाळी माझे भिंग मऊ फडक्याने पुसत. मग १९५२ साली तिथे नवे यंत्र आले आणि मला चिंचवडच्या दौलतरावांनी नेले. त्यांचा सिनेमाचा फिरता तंबू होता. चाकणचा बाजार, भोसरीची जत्रा, तळवडे, थेरगाव. जिथे माणसे जमतील तिथे आम्ही. बैलगाडीत धक्के खाऊन माझे सांधे खिळखिळे झाले.

मला चालवायचा तळवड्याचा कोंडीराम. आधी तो विहिरीवरचे तेलाचे इंजिन चालवायचा, त्यामुळे यंत्राच्या कुरकुरीवरून त्याला दुखणे कळे. त्याची बायको रतनबाई शेजारी बसून तुटलेली फिल्म कापून जोडायची.

माझ्या पोटात कोळशाच्या दोन कांड्या जळत. त्यांच्यामधला उजेड उघड्या डोळ्यांनी बघवत नसे. म्हणून माझ्या दाराला तळहाताएवढी काळी काच होती. दर थोड्या वेळाने तिच्यातून बघून कांड्या जवळ आणायच्या, एवढेच तिचे काम. तंबूत आलो त्याच वर्षी ती काच प्रवासात फुटली. दौलतराव म्हणाले, "पुण्याला गेलो की आणतो." ते पुण्याला पुष्कळदा गेले. कोंडीराम त्या उघड्या चौकोनातून बघत राहिला.

पुढे दौलतरावांनी तीन परदेशी चित्रपट आणले. आकाशातून कुणीतरी पृथ्वीवर उतरते, अशा गोष्टींचे. तिन्ही माझ्यातून इतक्यांदा गेले, की एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्यांची सुरुवात जवळजवळ सारखीच असे. आधी चांदण्यांनी भरलेले आभाळ आणि जड आवाजात बोलणारा माणूस. मग एखादे शांत गाव. तिथला एकटा कुणीतरी उजेड पडताना बघतो, कुत्रे दबून बसते, आणि त्याचे म्हणणे कुणालाच पटत नाही. मग पांढऱ्या कोटातला म्हातारा शास्त्रज्ञ, नळ्या आणि बुडबुडे. त्या दहा मिनिटांत बघणाऱ्याला कळून जाई, की भ्यायचे कशाला आणि भरवसा कुणावर ठेवायचा. भाषा न कळणाऱ्यालाही कळे. एक सिनेमा बघितलेला माणूस दुसऱ्याच्या चांदण्या दिसताच सावरून बसे.

पण रिळाची सुरुवात सगळ्यात जास्त हाताळली जाते. ती ओवायची, ओढायची, पुन्हा ओवायची. त्यात माझे दाते झिजलेले. ते फिल्मच्या कडेची भोके फाडत आणि रतनबाईला प्रत्येक वेळी वीतभर कापावे लागे. कापता कापता त्यातल्या एका चित्रपटाचे आभाळ गेले, मग गाव गेले, मग कुत्रेही गेले. ती सुरुवात मीच खाल्ली. मला आजही त्याचे वाईट वाटते.

चाकणला तो चित्रपट लागला तेव्हा तो सरळ चंदेरी कपड्यातल्या पाहुण्यापासूनच सुरू झाला. लोक पोट धरून हसले. "अंगाला पत्रा बांधलाय राव," कुणी म्हणाले. शेवटपर्यंत हसणे थांबले नाही.

कोंडीराम बायकोला म्हणाला, "सुरवातच न्हाई, मग माणसानं भ्यावं का हसावं, त्याला कळणार कसं?"

रतनबाईला वेगळीच काळजी होती. गेली दोन वर्षे कोंडीरामाच्या नजरेपुढे काळा डाग नाचायचा आणि आता त्याला रिळांच्या डब्यांवरचे आकडे दिसत नव्हते. रीळ तीच हातात द्यायची. मालकाला कळले तर काम जाणार, हे दोघांना ठाऊक होते.

१९५६ साली पिंपरीला औषधाच्या कारखान्याजवळच्या मैदानात आम्ही तंबू ठोकला. नव्या वसाहतीतली माणसे बायकामुलांसह आली. खेळ त्याच, सुरुवात गेलेल्या चित्रपटाचा होता. रतनबाई पाणी आणायला गेली आणि तेवढ्यात दौलतरावांनी हाक दिली, "कर सुरू." कोंडीरामाने चाचपून डबा उघडला. त्याने पहिल्याऐवजी दुसरे रीळ चढवले.

पडद्यावर एकदम जळालेले गाव दिसले. लोक कुजबुजले, मग ओरडू लागले. कोंडीरामाने मला थांबवले.

रतनबाई घागर ठेवून धावत आली. तिने रीळ बघितले आणि पहिले रीळ त्याच्या हातात दिले. मग ती पडद्यापुढे जाऊन उभी राहिली. इतक्या माणसांपुढे ती कधी बोलली नव्हती.

"ऐका," ती म्हणाली. "आधी नुसतं आभाळ हाय. एक बाप्या सांगतो, तिकडं बी कुणी राहतं, अन् त्ये आपल्याकडं बघतंय. मग गाव. समदी जेवाया बसल्यात. एकटा राखणदार मळ्यात हाय. त्याचं कुत्रं उगी गप व्हतं, अन् मग उजेड पडतो. त्यो गावात सांगाया धावतो, पर कुणाला पटत न्हाई. ध्यानात ठिवा, त्यो खरं बोलतोय. अन् पांढऱ्या कोटातल्या म्हाताऱ्यावर नजर ठिवा. त्यालाच आधी कळतं. आता बघा."

मी सुरू झालो. चंदेरी पाहुणा आला आणि कुणीही हसले नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईने मुलीला कुशीत ओढले.

खेळ संपल्यावर दौलतराव आले. "चुकीचं रीळ कसं चढवलंस, कोंडीराम?"

"मालक, आकडा दिसत न्हाई मला. दोन वर्सं डोळ्यांम्होरं काळा डाग नाचतोय."

दौलतराव म्हणाले, "मग उद्यापासून येऊ नकोस."

"त्यांचं डोळं ह्या भोकानं नेलं," रतनबाई म्हणाली आणि तिने माझ्या दारावर हात ठेवला. "तुमी काच आणणार व्हता."

दौलतरावांनी त्या चौकोनाकडे पाहिले. मग त्यांनी रतनबाईला विचारले, "तुला चालवता येतं हे?"

"चार वर्सं शेजारी बसलेय."

आठवडाभरात काच बसली. कोंडीरामाला मात्र तिचा काही उपयोग नव्हता. त्यानंतर तीन वर्षे रतनबाईने मला चालवले आणि दर खेळाआधी सुरुवात सांगितली. कोंडीराम शेजारी बसून माझी कुरकुर ऐकायचा आणि म्हणायचा, "पट्टा सैल झालाय बघ."

मग तंबू मोडला. रतनबाई कारखान्यात बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लागली आणि मी चिंचवडच्या एका गोदामात आलो. इथे मला कुणी पुसत नाही. फक्त महिन्यातून एकदा कोंडीराम काठी टेकत येतो, सोबत तेलाची छोटी कुपी आणतो आणि चाचपून माझ्या एकेका सांध्यात थेंब सोडतो.

परवा गोदामाचे राखणदार रंगराव त्याला म्हणाले, "अहो, हे आता चालायचं नाही."

"म्हाईत हाय," कोंडीराम म्हणाला. "पर गंजू नये."

मित्रांनो, मला पुन्हा चालवा, असे मी म्हणत नाही. मी दमलो आहे. पण तुमच्या घरात, गावात जे कुणी राबून थांबले असेल, यंत्र असो की माणूस, त्याच्याकडे काम उरले नसतानाही अधूनमधून जात जा. कोंडीराम येतो तो दिवस मला बरा जातो.