दोन चष्मेवाल्यांची भिंत

थोरला आणि धाकटा, दोघेही चष्मेवाले. दुकानं एकमेकांना चिकटून, समोर राहतं घर; वर थोरला, खाली धाकटा. वडिलांमागे सगळ्याची निम्मी-निम्मी वाटणी झाली, समजूतदारपणा तेवढा कुणाच्याच वाट्याला आला नाही. थोरल्याने घराच्या दर्शनी भिंतीवर रंगवलं, ‘शेजारच्या दुकानाशी आमचा काडीचाही संबंध नाही.’ धाकट्याने खाली लिहिलं, ‘देवाची कृपा.’

थोरला व्यवहारी. त्याने वैरही वाया जाऊ दिलं नाही. अक्षरं वर मोठी, खाली बारीक होत जाणारी काढली आणि गिऱ्हाईकाला दुकानात बसवून तीच वाचायला लावली. “‘काडीचाही’ दिसतंय? नाही? मग नंबर वाढलाय.” चष्म्याबरोबर भावाची बदनामी मोफत.

यंदा धाकट्याच्या मुलीचं लग्न जमत आलं. मुलाकडची मंडळी रविवारी घर बघायला येणार होती.

“काका, ती भिंत पुसू द्या ना,” ती थोरल्याला म्हणाली. “दारातच भांडण वाचलं तर आल्या पावली परत जातील.”

पुतणीवर त्याचा जीव. रंगाचा डबा त्यानेच आणला. सगळ्यात स्वस्तातला, पण आणला.

शनिवारी कॉलेजची पोरं उगवली. शहरातल्या बोलक्या भिंतींची नोंद करत होती. सगळ्यांच्या नाकावर चष्मे, एकही या दुकानांतला नाही. त्यांची म्होरकी भिंत बघून हरखली.

“अक्षरं लहान होत जातात, म्हणजे राग ओसरत जातो. किती सूक्ष्म! हेच सुचवायचं होतं ना, काका?”

थोरल्याने क्षणभरच विचार केला. “हो, तसंच मनात होतं.” मोठेपण फुकट मिळत असेल तर नाही कोण म्हणतो?

“पुसू नका हं. हा समाजाचा ठेवा आहे.”

डबा माळ्यावर गेला. “पोरी, भिंत आता आपली राहिली नाही.”

“आणि माझं लग्न?”

“लग्नं काय, होत राहतात.”

ती बापाकडे गेली. बापाचं दुखणं वेगळंच. “त्याला विचारलं, मला कुणी विचारलं?” रविवारी पोरं चित्रण करायला आली, तर हा कडक इस्त्रीत हजर.

“खालची ओळ माझी आहे. ती नसती तर वरचीला अर्थच नव्हता.”

“अर्थ होता,” थोरला म्हणाला, “चव नव्हती.”

वाटणीनंतरचं हे दोघांचं पहिलं संभाषण. पोरांनी त्यांना भिंतीकडे पाठ करून खांद्याला खांदा लावून उभं केलं. दोघे आपापली थोरवी सांगण्यात दंग, आणि मागे पुतणी माळ्यावरचा डबा काढून, शिडीवर चढून ब्रश फिरवतेय. पोरांना दिसत होतं. पण नोंद करायची, मध्ये पडायचं नाही, हा त्यांचा नियम. ठेवा पुसला जाताना त्यांनी तो अगदी मन लावून टिपला.

“अगं, काय केलंस हे!” भाऊ एका सुरात ओरडले.

“पाहुणे येताहेत,” ती म्हणाली आणि हात धुवायला आत गेली.

पोरं आनंदात निघून गेली. एवढा करुण शेवट त्यांना कुठल्याच भिंतीने दिला नव्हता. भाऊ पायरीवर शेजारी बसून पोरीच्या नावाने बोटं मोडत राहिले. तेवढ्यात पाहुणे आले. मुलाचे वडील दारातच थबकले.

“भाऊ भाऊ एका पायरीवर बसून सुखदुःख बोलतात! असं घर हल्ली मिळत नाही हो. आमच्याकडून होकार.”

पाहुणे आत गेले. थोरला उठता उठता पुटपुटला, “जावयाचा चष्मा माझ्याकडून.”

“जावई माझा आहे,” धाकटा म्हणाला. “हळू बोल, आत ऐकू जाईल.”