क्लचवरचा पाय

आमचा बुवा लटारू, माहा नवरा, म्हणजे शहाण्याचा बाप. मी सकाळपासून कोकलून राह्यली होती, "अवो, ट्रॅक्टरचं तेल घरी आंगणात बदला, इथी जंगलाच्या कडेले नोका." पण आयकते कोण? "चिखलणीचं पाणी मागच्या गेरबॉक्सात गेलं, तेल दुधाच्या चहासारखं झालं. गरम हाये तवाच सारं निंगते. तुले काय समजते!" आन् घुसला खाली.

उन्हाळ्यात बुधूभाऊच्या बायकोले वाघानं नेलं. तेंदूची पानं तोडाले वाकली होती बिचारी. वाकलेलं माणूस त्याले जनावरच दिसते. तवापासून आमच्याकडे एक वाकला का दुसऱ्यानं उभं राहाचं. म्हणून मी उभी होती.

ट्रॅक्टर जुना, लहान, हँडब्रेक तुटलेला. उतारावर सरकू नये म्हणून गेरात टाकून पुढच्या चाकाले दगड लावला होता. बुवा बाजूनं शिरला, मोठ्या चाकाच्या अगदी पुढं कंबर, पाय बाहेर बांबूकडे. बूच काढलं, तेल घमेल्यात पडाले लागलं.

तेवढ्यात वानरं खेकसली. बांबूच्या रांजीत, त्या दाट बेटात, पिवळं दिसलं. बसला होता, आन् पाहत होता ते बुवाचे पाय.

"पाय आत घ्या."

"काऊन?"

"घ्या म्हणलं ना!"

समजला तो, पाय आत ओढले. मी हाड हाड करून वरडली, पण वाघ जागचा हालला नाई. एरवी माझ्या तोंडाले गाव भिते! मंग इंजिनच वाजवा लागन म्हणून सीटवर चढली. चावीले हात लावला आन् आठवलं. ट्रॅक्टर गेरात हाये. क्लच सुटला त वाघाच्या आधी मीच बुवाले चिरडते.

क्लच पार खाली दाबला, चावी फिरवली. इंजिन गरजलं, ट्रॅक्टर दगडावर रेलला. वाघ उठला, आरामात आत गेला. किती आत, कोणाले मालूम. माझा पाय क्लचवर तसाच दाबलेला होता.

बुवा दुसऱ्या बाजूनं सरपटत निंगला, तोंडभर तेल. हात घालून गेर काढला. "सोड आता पाय," कानाशी वरडला.

"सुटत नाई वो," मी रडाले लागली. पहिल्यांदा तो मले हासला नाई.

मंग मले त्याच्या मुठीतलं बूच दिसलं. तेलाबिगर ट्रॅक्टर घरी नेला त गेरबॉक्स जळून जाते, आन् घरची पायवाट त्याच बांबूतून जाते. नवीन तेल टाकाचं त आधी बूच लावाच लागते.

त्यानं बांबूकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं. "इंजिन चालू राहू दे. उभी राय."

आन् परत तिथीच झोपला, पाय बाहेर.

मी क्लचवर पाय ठेवूनच उभी राह्यली. गेर काढला होता, सोडला असता तरी चालत होतं. मी नाई सोडला. एक डोळा बांबूवर, एक त्याच्या पायाच्या बोटांवर. बोटं हालत होती.