काकूंच्या वजनाची गाडी

जुन्या स्पोर्ट्स कारच्या चाकांच्या सांध्यांत धक्के झेलणारे, झिजलेले रबरी बुश काकांनी स्वतःच बदलले होते. आता पुन्हा गाडी खडखडली तर विकायची, असं काकूंनी बजावलं होतं. पण जॅकवरून उतरवल्यावर गाडी पाठ फुगवलेल्या मांजरासारखी उंचच राहिली. चाकं लोंबकळत असतानाच बुशचे बोल्ट आवळल्यामुळे आता रबर पिळलं जाऊन गाडीला खाली बसू देत नव्हतं. काकांनी जीभ चावली, बोल्ट सैल केले, चाकं जाड फळ्यांवर टेकवली आणि ते चाचरत म्हणाले, "अगं, आत बसतेस? वजन हवंय."

"लग्नाची मागणीही इतकी गोड घातली नव्हती तुम्ही!" म्हणत काकू बसल्या. गाडी अलगद खाली आली.

खालून बोल्ट घट्ट करून काका म्हणाले, "उतर आता."

"उतरू कशाला? फिरवा की!"

गतिरोधकावरून जाताना आवाज झाला तो फक्त काकूंचा. "अहो हळू, माझी गाडी मोडाल!"