उंचावरचा बॉल

डॉक्टरांनी विचारलं, डोक्याला कधी मार बसला होता का? धैर्यशील हसला. मार खाण्याचाच तर पगार मिळायचा, म्हणाला.

माझा नवरा स्टॉपर बॅक. आधी कोल्हापुरात पेठेच्या टीमकडून, मग मुंबई-गोव्याच्या क्लबांकडून पगारावर खेळला. सगळं आयुष्य स्वतःच्या गोलसमोर उभं राहून उंचावरून येणारे बॉल कपाळानं परत धाडले. फुटबॉलर म्हटलं की लोक गोल किती केले ते विचारतात. याच्या नावावर एकही नाही, आणि त्याचाच त्याला केवढा तोरा!

गुडघा गेला आणि खेळ थांबला. माझ्या नोकरीमागे तो सिंगापूरला आला आणि बुकित तिमाहच्या एका अकादमीत मुलींच्या टीमचा कोच झाला. आमची अश्लेषा त्याच टीमची स्टॉपर. त्याच्या उस्तादांनी त्याला चिंचेच्या फांदीला बॉल टांगून हेडर शिकवलं होतं. यानं आमच्या बेडोकच्या फ्लॅटमधला पंखा उतरवला आणि त्या हुकाला दोरी बांधली. इथल्या उकाड्यात आम्ही घाम पुसत जेवायचो, आणि जेवण झालं की पोर कपाळानं बॉल हाणत बसायची. मीही कौतुकानं बघायचे.

मग तो विसरायला लागला. आधी टीममधल्या मुलींची नावं, मग उतरायचा स्टॉप. मी थट्टेवारी नेत होते. एकदा कॉफी आणायला म्हणून खाली गेला तो आलाच नाही. खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये एका टेबलाशी रडत बसलेला सापडला. आपला ब्लॉक कोणता, तेच त्याला आठवेना.

इतक्या वर्षांच्या हेडरनी मेंदूला इजा झाली आहे आणि ती भरून येणारी नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्यानं स्वतःबद्दल एक अक्षर विचारलं नाही. जिनं आत्ताच सुरू केलंय तिचं काय, एवढंच विचारलं. डॉक्टर म्हणाले, खात्रीनं सांगता येत नाही, पण थांबवलेलं बरं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, आजच तिला सांग. शनिवारी फायनल होती.

"फायनल होऊ दे," तो म्हणाला. "मीच शिकवलं. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

मला संताप आला होता. पण त्याचा चेहरा बघवेना, म्हणून गप्प बसले.

फायनलला शेवटपर्यंत गोल झाला नाही. अगदी संपता संपता समोरच्या टीमला कॉर्नर मिळाला. बॉल उंच आला, आणि अश्लेषा बरोबर त्याच्या खाली होती. ती उडी घेणार, तेवढ्यात लाइनीवरून धैर्यशील जिवाच्या आकांतानं ओरडला, "सोड, अश्लेषा! सोड!"

कोचचा आवाज आला की विचार न करता ऐकायचं, ही त्याचीच शिस्त. तिनं डोकं खाली घेतलं. तिच्या मागे उभ्या असलेल्या समोरच्या टीमच्या मुलीनं बॉल सहज आत ढकलला आणि आम्ही हरलो.

पालक कुजबुजत होते. अकादमीच्या मॅनेजरनं त्याला बाजूला घेऊन सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यानं मान डोलावली. अश्लेषा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "दॅट वॉज माय बॉल, बाबा. माय बॉल, लाह. व्हाय यू शाउट?"

तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. डॉक्टरांचं म्हणणं लपवतोय असं मला वाटलं. बस स्टॉपवर मी तिला बाजूला नेलं आणि सगळं सांगून टाकलं. बस येईपर्यंत ती आमच्याकडे पाठ करून उभी होती.

बसमध्ये तो खिडकीशी बसला, मी शेजारी, ती आमच्या पुढच्या सीटवर. बऱ्याच वेळानं तो माझ्याकडे झुकला.

"सुरेखा, मी तिला सोड का म्हणालो गं?"

तो लपवत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं.

"तिचाच बॉल होता तो," तो म्हणाला. "स्टॉपरला असं कोण सांगतं?" त्या भरल्या बसमध्ये मला हंबरडा फोडावासा वाटला.

अश्लेषा मागे वळली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"बॉल बाहेरच चालला होता, बाबा," ती म्हणाली. "तू बरोबर सांगितलंस."

त्यानं थोडा विचार केला. "मग ठीक," म्हणाला, आणि खिडकीला डोकं टेकून त्यानं डोळे मिटले. बस हादरे खात चालली होती. अश्लेषानं सीटवरून हात मागे घातला आणि त्याचं कपाळ आणि काच यांच्यामध्ये आपला तळवा धरला. बेडोक येईपर्यंत तिनं तो काढला नाही.