सरांनी शिकवलेलं वाक्य

हर्षलाचं नर्सिंग झालं होतं. जर्मनीत म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायची नोकरी मिळवायचीच, असं तिनं मनाशी धरलं होतं. त्यासाठी ती खालापूरजवळच्या गावातून खोपोलीला देवेश सरांच्या क्लासला जाई. मोबाईलच्या दुकानावरची एक खोली, सगळ्या मुलीच, आणि काही वर्षं तिकडं राहून आलेले सर.

"पुस्तकातली जर्मन बोललात तर लोक हसतील," सर एकदा म्हणाले. "झोपायला जाणं घरगुती भाषेत कसं म्हणतात, ते आज घ्या."

तिकडं कुणी म्हणे 'कानावर आपटतो', कुणी म्हणे 'चला पिसांत'. पोरांना म्हणायचं 'हायात चल', आपल्या गाईगाईसारखं. मुली खिदळल्या. मग सरांनी शेवटचं सांगितलं, "कॉम मिट मिअर इन दी किस्टं. किस्टं म्हणजे खोकं, म्हणजे अंथरूण. आजोबांना झोपवताना हेच म्हणा. सोबत कुणी आहे असं वाटतं त्यांना."

एकेकीला उभं करून त्यांनी ते म्हणून घेतलं. उच्चार तपासायला म्हणून मोबाईलवर रेकॉर्ड केलं. रियाला तर पुन्हा पुन्हा, "जरा हळू, लाडानं," असं म्हणत म्हणायला लावलं. सर ओठांवरून जीभ फिरवत ऐकत होते. हर्षलाला कसंतरीच झालं, पण शिकवणाऱ्याबद्दल वाईट विचार नको, म्हणून ती गप्प बसली.

घरी तिनं सरावाला इंदूआत्याला धरलं. खुब्याचं हाड मोडल्यापासून आत्या खाटेवरच होती. दुपारी तिला कुशीवर वळवताना हर्षला ते वाक्य म्हणे. आत्याला गंमत वाटे. तीही बोळक्या तोंडानं तेच परत म्हणे.

पुढच्या आठवड्यात नोकरीची मुलाखत झाली, घरीच, लॅपटॉपवर. समोरच्या जर्मन बाईनं विचारलं, "एखादे आजोबा झोपायला तयार नाहीत. काय म्हणाल?"

हर्षलानं हसून ते वाक्य म्हटलं.

बाईचा चेहरा आक्रसला. तिनं मऊ आवाजात विचारलं, "हे कुणी शिकवलं तुला?" आणि अर्थ सांगितला. बाई पुरुषाला शरीरसंबंधासाठी अंथरुणात बोलावते, तेव्हाचं बोलणं होतं ते.

हर्षला मोरीत गेली नि चुळा भरत राहिली. जिभेवर कुणीतरी थुंकलंय असं वाटत होतं. सरांचे ते ओले ओठ डोळ्यांपुढून जाईनात. बाहेर आली तर आत्या खाटेवरून शेजारणीला कौतुकानं सांगत होती, "आमची हर्षी मला जर्मन शिकवते. आयक, कॉम मिट मिअर..."

"आत्या, नको!" ती ओरडली. "घाण हाय ती. तोंडातून काढू नको."

"आगं, पन मास्तरानंच ना शिकवली?"

"मास्तरच घाण हाय."

दुसऱ्या दिवशी क्लास भरल्यावर ती उभी राहिली आणि त्या वाक्याचा अर्थ तिनं सगळ्यांसमोर मराठीत सांगितला, एकही शब्द न गाळता. रियानं ओढणी तोंडावर दाबली.

सर हसले. "अगं, गंमत केली जरा. तिकडं मोकळं वातावरण असतं, तुम्हाला सवय नको का?"

"मग रेकॉर्ड कशाला केलंत?"

सरांचा हात टेबलावरच्या मोबाईलकडे गेला. पण रियानं तो आधीच उचलला होता. सगळ्या मिळून पोलीस ठाण्यात पोचेपर्यंत तिनं तो हातरुमालात गुंडाळून धरला, मेलेला उंदीर धरावा तसा. तिथल्या महिला फौजदारानं तो उघडून पाहिला. आधीच्या बॅचच्या मुलींचेही आवाज निघाले, नावानिशी, मित्रांच्या ग्रुपवर पाठवलेले. प्रत्येकाखाली मित्रांनी टाकलेल्या हसणाऱ्या इमोजी. हर्षला उठून बाहेरच्या पायरीवर जाऊन बसली.

सरांवर गुन्हा दाखल झाला, क्लासला कुलूप लागलं. जर्मन बाईनं हर्षलाला दुसऱ्यांदा बोलावलं, या वेळी साधंच विचारलं, आणि निवड झाली. घरात पेढे वाटले गेले.

मुली आता रियाच्या घरी जमून मोबाईलवरून शिकतात. परवा झोपण्याचा धडा आला. सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. कुणीच तोंड उघडेना. शेवटी हर्षलानं धडा पुढं सरकवला, आणि त्या जेवणाच्या शब्दांकडे वळल्या.