दसऱ्यापर्यंतची कल्हई

धाराशिवचा हैदर कल्हईवाला वर्षातून दोनदा तेरला यायचा, फाल्गुनात आणि दसऱ्याच्या तोंडावर. मारुतीच्या देवळामागं तो खड्डा खणून भट्टी लावी आणि त्याची बायको नसीमबी भाता ओढी. कल्हई करणारे आणखीही येत. पण भांडं परत देताना ही कल्हई कधीपर्यंत टिकेल ते फक्त हैदर सांगायचा, आणि बहुतेक तसंच व्हायचं.

त्यासाठी तो बायांना खोदून खोदून विचारी. पाणी विहिरीचं की नदीचं? भांडं राखेनं घासता की वाळूनं? आंबट किती करता? घरात खाणारी किती? आंबटानं कल्हई लवकर उडते आणि उघड्या पितळेत ठेवलेलं आंबट कळकून विषासारखं होतं, हे त्याला ठाऊक होतं. मग बुडावरून अंगठा फिरवून म्हणे, "पोळ्यापर्यंत बघायचं काम न्हाय." बाया निर्धास्त होऊन घरी जात.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. फाल्गुनात गजराबाईनं आपलं पितळेचं पातेलं आणलं. हैदरनं ते तापवलं, नवसागर टाकला, धूर उठला तसा कथलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्यानं आतून पुसत नेलं. पातेलं चांदीसारखं पांढरं झालं.

"खाणारी किती, आक्का?"

"आमी दोघंच. मालक आन् म्या. प्रेमा तर नांदायला गेली."

"ताक, चिंच?"

"ह्यांना आंबट सोसत न्हाय."

"मग दसऱ्यापर्यंत निवांत ऱ्हावा," हैदर म्हणाला.

आषाढात प्रेमा माहेरी आली. पाचवा महिना होता आणि डोहाळे सगळे आंबटाचे. एक दिवस कढी, एक दिवस चिंचेचं सार, एक दिवस अंबाडीची भाजी. लेक पोटभर जेवते म्हणून गजराबाई हौसेनं करून घाली, आणि ते सगळं त्याच पातेल्यात.

श्रावण सरता सरता बुडाला पिवळा डाग दिसू लागला. गजराबाईचा नवरा दगडोबा म्हणाला, "कल्हई गेली वाटतं गं."

"हैदरभाईनं दसरा सांगितलाय. त्यांचं कवा चुकलंय का?" गजराबाई म्हणाली, आणि कामाला लागली.

भाद्रपदात एक दिवस सकाळची कढी उरली. ती पातेल्यातच राहिली. तिसऱ्या प्रहरी प्रेमाला भूक लागली, तिनं त्यात भाकरी कुस्करून खाल्ली. "आई, कशी कळकल्यावानी लागती गं," एवढं म्हणाली, पण खाल्लीच. दिवस मावळायच्या आत उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी बैलगाडीत घालून तिला धाराशिवच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी गेलंय, आणायला उशीर झाला. आधी पोटातलं मूल गेलं. दोन दिवसांनी प्रेमाही गेली.

हैदरला यातलं काही कळलं नव्हतं. ठरल्याप्रमाणं तो दसऱ्याच्या आधी आला, भट्टी लावली. बाया भांडी घेऊन आल्या, पण नेहमीसारखं बोलत नव्हत्या. गजराबाई शेवटी आली. तिनं पातेलं त्याच्यासमोर ठेवलं.

हैदरनं ते उन्हाकडं फिरवलं. आतलं बूड सगळं पिवळं पडलं होतं.

"आक्का, हे तर कवाच गेलंय! काय शिजवलंत ह्यात?"

गजराबाईनं खाली बसून सगळं सांगितलं. प्रेमा कधी आली, तिला काय खावंसं वाटायचं, शेवटी काय झालं. नसीमबीचा भाता थांबला.

"तुमी दसरा म्हणला हुता," गजराबाई म्हणाली. "पर डाग मला दिसला हुता, हैदरभाई. म्या डोळ्यांनी बघितला. आन् तरीबी म्या तुमच्या शब्दावर राहिले."

हैदरच्या हातात पातेलं तसंच होतं. तो म्हणाला, "म्या दोघांचा अंदाज धरला. तिसरं कुणी येईल का, ते म्या इचारलंच न्हाय."

नसीमबी उठली आणि गजराबाईला टेकून बसली. दोघी रडत राहिल्या.

त्या दिवशी हैदरनं बाकीची भांडी केली. एका बाईनं सवयीनं विचारलं, "कुठवर टिकंल?"

"मला न्हाय सांगता येत. रोज सकाळी बूड बघत जावा. पिवळं दिसलं की त्यात आंबट घालू नका."

पुढं तो कुणालाच मुदत सांगेना. बायांना ते आवडलं नाही. लातूरकडचा एक नवा कल्हईवाला छाती ठोकून वर्षाची हमी देत होता, निम्मं गाव त्याच्याकडं वळलं. हैदर मात्र दर दोन महिन्यांनी येऊ लागला. घरोघरी जाऊन भांडी उलटी-सुलटी करून बघायचा, ज्याची कल्हई उडाली असेल तेवढंच करायचा.

"अजी, एवढी पायपीट कशाला?" नसीमबी म्हणायची.

"बघितलेलं बरं," एवढंच तो म्हणे.

गजराबाईच्या घरी मात्र तो जात नसे. तिथं नसीमबी जायची, भांडी बघायची, दुपारी तिच्याजवळच जेवायची. प्रेमाचं लुगडं गजराबाईनं तिलाच दिलं. हैदर भट्टीपाशी बसून फडक्यातली भाकरी खायचा.

एकदा दगडोबा स्वतः बोलवायला आला. "चला, हैदरभाई. आमची कारभारीण वाट बघतीय. तुमच्यावर आमचा राग न्हाय."

हैदर हात धुऊन त्याच्याबरोबर निघाला. घरापर्यंत आला. दारातून चूल दिसत होती, चुलीवर काहीतरी शिजत होतं, गजराबाई ताट मांडत होती. त्यानं चप्पल काढली. मग पुन्हा पायात घातली.

"दगडोबा, तुमी जेवा," तो म्हणाला. "मला न्हाय जमायचं."

तो माघारी आला तेव्हा भट्टी विझत आली होती. त्यानं ती पेटवली नाही. कथील, कापूस, नवसागर पिशवीत भरलं आणि नसीमबी येईपर्यंत तसाच बसून राहिला.