‘मा’ म्हणजे माजी

रक्तपेढीच्या पडद्यावर ‘सक्रिय दाता नाही’ असं उमटलं आणि प्रोग्रामरच्या डोक्यात तिडीक गेली. वरच्या मजल्यावर एक बाळंतीण टेबलावर होती, तिचा रक्तगट लाखात एखाद्याचा, आणि दात्यांचा हा नवा डेटाबेस या प्रोग्रामर मुलीनेच उभा केलेला.

“जुन्या यादीत या गटाच्या तीन बायका होत्या,” पेढीच्या ताई म्हणाल्या. “चेहरे आठवतात मला. गेल्या कुठे?”

प्रोग्रामरने जुनी टेक्स्ट फाइल उघडली. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक खूण: ‘ना’ म्हणजे नाव, ‘र’ म्हणजे रक्तगट. खूण ओळखून पुढचा मजकूर योग्य रकान्यात टाकायचा, एवढंच तिच्या प्रोग्रामचं काम. फक्त ‘मा’ दिसली की दाता निष्क्रिय. तिघींच्याही नोंदीत ‘मा’ होती. पुढे एकेक आडनाव.

“ताई, ‘मा’ म्हणजे काय हो?”

“माहेरचं आडनाव. जुनी कार्डं त्याच नावावर आहेत ना.”

विभागाचे साहेब दारातच उभे होते. ती गर्रकन वळली.

“खुणांच्या यादीतली ‘मा’ म्हणजे काय, मी विचारलं होतं तुम्हाला. म्हणालात, माजी.”

“अगं, दुसरं काय असणार?”

“ताईंना विचारते म्हटलं, तर म्हणालात, त्यांना कशाला मध्ये घालतेस! आणि नमुना म्हणून फाइल दिलीत तीही सगळ्या पुरुषांची, त्यात ‘मा’ची ओळच नाही!”

“आवाज खाली. दुरुस्तीचा अर्ज दे, मी मंजुरी...”

“खड्ड्यात गेली मंजुरी.”

तिने प्रोग्राममधली ‘मा’ची ओळ बदलली आणि थेट चालू डेटाबेसवर प्रोग्राम सोडला. पडद्यावर बायका परतू लागल्या, नुसती रांग लागली. लग्न झालेली एकूण एक बाई साहेबांनी माजी करून टाकली होती.

ताईंनी स्पीकरवर फोन लावले. पहिला नंबर बंद. दुसरा उचलला गेला.

“निघालेच, रिक्षा पकडते,” पलीकडची बाई म्हणाली. “पण इतके दिवस बोलावलं का नाही? मी स्वतः चौकशी केली, तर म्हणे तुमचं नाव काढलंय. घरात सगळे संशयाने बघायला लागले, हिच्या रक्तातच काही खोट असणार म्हणून. सासूबाईंनी तर माझा पेला वेगळा ठेवला. काय निघालं होतं माझ्या रक्तात?”

प्रोग्रामरने फोन उचलून साहेबांच्या तोंडासमोर धरला.

“सांगा.”

साहेबांनी घसा खाकरला. पलीकडे दार आपटल्याचा आवाज आला. बाई धापा टाकत जिना उतरत होती आणि पुन्हा पुन्हा विचारत होती, “हॅलो? काय निघालं होतं?”